पुलाला छप्पर कशाला?

आमच्या कॅरी गावाची इथले जुने रहिवासी एक ठरलेली थट्टा करतात. सी-ए-आर-वाय या चार अक्षरांचा अर्थ म्हणे 'कंटेनमेंट एरिया फॉर रीलोकेटेड यँकीज', म्हणजे उत्तरेकडून आलेल्या यँकी मंडळींना एके ठिकाणी कोंडून ठेवायची जागा! रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांच्या मागे लोक आले, त्यांच्यासाठी वसाहती उठल्या, आणि साध्यासुध्या रेल्वेच्या गावाचं बघता बघता शहर झालं. आम्ही तर उत्तरेकडूनही आलो नाही, पार पूर्वेकडून आलो. पण थट्टेत आम्हालाही सामील करून घेतात, हे त्यांचं सौजन्य.

गावाचं नाव मात्र खरोखरच एका उत्तरेकडच्या माणसाचं आहे. सॅम्युअल फेंटन कॅरी हा ओहायोचा, दारूबंदीवर भाषणं देत फिरणारा पुढारी. गाव वसवणारा फ्रँक पेज त्याचा चाहता होता, म्हणून त्याने हे नाव दिलं. १८७१ साली गावाची रीतसर नोंद झाली. आज त्याच गावात बिअर गाळून विकणाऱ्या जागा जोरात चालतात, ते पाहून कॅरीसाहेबांना काय वाटलं असतं, देव जाणे.

सांगायचा मुद्दा असा, की अशा गावात राहणाऱ्याला 'जुनं' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. आमच्या सबडिव्हिजनमधलं सर्वांत जुनं घर आमच्या लग्नापेक्षा लहान आहे. त्याच फ्रँक पेजने १८६८ च्या सुमारास बांधलेलं हॉटेल गावात आहे. १९८५ च्या आसपास गावातल्या लोकांनी एकत्र येऊन ते पडण्यापासून वाचवलं. आता तिथे कला आणि इतिहासाचं केंद्र आहे आणि बाहेर 'ऐतिहासिक' अशी पाटी. पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा आम्हाला हसू आलं होतं. १८६८ म्हणजे आमच्या खापरपणजोबांचा काळ! आमच्याकडे त्या वयाची घरं बिनापाटीची उभी असतात, आणि बिनापाटीचीच पडतात.

हे शेवटचं वाक्य आम्ही आज लिहितो आहोत. तेव्हा एवढं सुचलं नव्हतं. ते सुचायला कारण झाला एक लाकडी पूल.

आईंचा प्रश्न

कॅरीत कुणी पाहुणे आले की त्यांना न्यायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिल्या आठवड्यात बालाजीचं देऊळ, दुसऱ्या आठवड्यात रॉलीची म्युझियम्स, आणि पाहुणे महिन्याभरासाठी आले असतील तर ॲशबरोचं प्राणिसंग्रहालय. कॅरीतूनच जाणारा हायवे ६४ पकडायचा आणि पश्चिमेला सरळ सुटायचं. मधुमेहवाले असोत की गुडघेवाले, सगळ्यांना जिराफ आवडतो.

त्या वर्षी आई, म्हणजे आमच्यातल्या एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई, गुहागरकडून आल्या होत्या. जिराफ बघून झाला. दिवस मोठे होते, म्हणून ॲशबरोच्या दक्षिणेला युव्हारीच्या टेकड्यांमध्ये पिज्गा नावाच्या वस्तीजवळ एक जुना पूल आहे, तो बघून यावं असं ठरलं. लेकीला शाळेच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी त्याचे फोटो हवे होते.

रस्ता झाडीतून वळत वळत गेला आणि एका ओढ्यावर ते लाकडी प्रकरण दिसलं. लांबून पाहिलं तर गुरांचा गोठा कुणी चुकून पाण्यावर बांधलाय असं वाटावं. दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती, वर उतरतं छप्पर, आणि आरपार उजेड. लांबी पन्नासेक फूट. जे. जे. वेल्च नावाच्या माणसाने तो १९११ मध्ये बांधला, आणि खर्च आला होता ४० डॉलर. ही रक्कम लेकीने मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा आम्ही सकाळी तिकिटांना आणि खाण्यापिण्याला किती मोजले, त्याचा हिशेब मनातल्या मनात करून गप्प बसलो.

आईंनी मात्र वर बघितलं, खाली बघितलं, आणि विचारलं, "अरे, पुलाला छप्पर कशाला? नदीला पाऊस लागतो म्हणून का?"

आम्ही आपलं ठोकून दिलं, की पूर्वी घोडागाड्या असायच्या, पाऊस आला की लोक आडोशाला थांबायचे. लेकीने फोटोच्या निमित्ताने थोडं वाचलं होतं. ती म्हणाली, "नो आजी, छप्पर लोकांसाठी नाहीये. पुलासाठी आहे."

आईंनी आत जाऊन एका आडव्या लाकडावर हात फिरवला. "मग बरोबर आहे," म्हणाल्या. "लाकूड भिजलं की गेलं. आपल्याकडे नाही का, आधी कौलं बघतात, मग बाकीचं घर."

त्या एका वाक्यात या सगळ्या पुलांचं इंजिनिअरिंग आलं. बाकीचं आम्ही नंतर हळूहळू वाचून काढलं. त्या नादात आणखी एक पूल पाहून आलो, आणि मग हा लेख लिहायला बसलो.

जाळीचा पूल

लाकडी पुलाचं खरं बळ त्याच्या दोन्ही बाजूंच्या चौकटीत असतं. उभी, आडवी आणि तिरकी लाकडं एकमेकांत अडकवून ही चौकट केलेली असते. इंग्रजीत तिला ट्रस म्हणतात. पुलावरून गेलेलं वजन ही चौकट दोन्ही काठांवर नेऊन पोचवते. पायाखालच्या फळ्या कुजल्या तर नव्या ठोकता येतात. पण चौकटीचे सांधे ओले राहून कुजले, तर पूल बसलाच म्हणून समजा. पाणी नेमकं सांध्यांतच मुरतं. म्हणून चौकटीला वरून छप्पर आणि बाहेरून फळ्यांचा अंगरखा. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत म्हातारा होतो, तोच नीट झाकला तर शंभरी गाठतो. न्यूयॉर्क राज्यातला हाइड हॉलचा पूल १८२५ चा आहे आणि अजून उभा आहे.

अमेरिकेतला असा पहिला मोठा झाकलेला पूल फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर १८०५ मध्ये पुरा झाला. बांधणारा टिमोथी पामर. पण त्याला छप्पर घालावं हा आग्रह धरला पूल उभारणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष, न्यायमूर्ती रिचर्ड पीटर्स यांनी. एवढा पैसा ओतून बांधलेला पूल दहा वर्षांत कुजू द्यायला ते तयार नव्हते. पैसे देणाऱ्या माणसाला असले प्रश्न बरोबर सुचतात!

पुढची गोष्ट आमच्या अगदी शेजारची निघाली. रॉलीमधलं जुनं स्टेट कॅपिटॉल आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलांच्या शाळेची सहल तिथे गेली नाही असं होतच नाही. १८३३ ते १८४० या काळात बांधलेल्या त्या इमारतीच्या आराखड्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांतला एक आर्किटेक्ट म्हणजे इथिएल टाउन. याच टाउनने १८२० मध्ये पुलाच्या एका रचनेचं पेटंट घेतलं होतं. साध्या फळ्या एकमेकींवर तिरक्या टाकून त्यांची जाळी करायची आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे लाकडाच्याच जाड खुंट्या ठोकायच्या. आपल्या वाड्याच्या खिडकीची जाळी डोळ्यांसमोर आणा, फक्त पुरुषभर उंच. त्याला मोठमोठे ओंडके लागत नाहीत आणि नामांकित कारागीरही लागत नाही. गावातला घरं बांधणारा सुतार ते काम करू शकतो. टाउन त्यावर फुटामागे एक डॉलर हक्काचे घ्यायचा. कुणी न विचारता बांधला असं कळलं, तर फुटामागे दोन! सॉफ्टवेअरवाल्या आमच्या मित्रमंडळींना हा लायसन्सिंगचा प्रकार ओळखीचा वाटेल.

यँकी जनरलचा शेवटचा पूल

दुसरा पूल पाहायला आम्ही पश्चिमेला गेलो. हायवे ४० ने अडीच-तीन तासांवर, हिकरीच्या अलीकडे क्लेअरमाँट गाव लागतं. तिथे लाइल क्रीकवर बंकर हिलचा पूल आहे. लांबी ९१ फूट. ही वाट मूळची इथल्या आदिवासींची पायवाट. नंतर ती आयलंड फोर्ड रोड झाली. १८९४ मध्ये कटॉबा काउंटीच्या कारभाऱ्यांनी ओढ्यालगतच्या जमीनमालकांना सांगितलं, की इथे पूल बांधा आणि तो सांभाळा. अँडी रॅमसूर नावाच्या माणसाने तो १८९५ मध्ये उभा केला.

गंमत म्हणजे तेव्हा त्याला छप्पर नव्हतंच. पाच वर्षं तो उघडाच होता, १९०० मध्ये त्याच्यावर छप्पर आलं. ते होतं लाकडाच्या कौलांचं. १९२१ मध्ये ती काढून पत्रा घातला. आमच्या कोकणात हीच पायरी पेंढ्यावरून कौलं आणि कौलांवरून पत्रा अशी चढली. क्रम वेगळा, पण प्रत्येक पिढीने आपल्याला परवडेल ते वर घातलं, हे दोन्हीकडे सारखंच.

या पुलाची चौकट हर्मन हाउप्ट याच्या रचनेची आहे. १८३९ मध्ये, वयाची पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने टाउनच्या जाळीकडे बघून प्रश्न विचारला, की यातली कोणती लाकडं खरोखर वजन पेलतात आणि कोणती नुसती सोबतीला उभी आहेत? सोबतीची काढून टाकली, काम करणारी योग्य जागी बसवली, आणि कमी लाकडात तेवढाच भार पेलणारी चौकट तयार केली. हाच हाउप्ट पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या रेल्वेचा जनरल झाला. १८६२ मध्ये त्याने व्हर्जिनियात पोटोमॅक क्रीकवर शे-सव्वाशे मीटर लांबीचा रेल्वेचा पूल थोड्याच दिवसांत, बहुतेक अडाणी मजूर हाताशी धरून, रानातल्या लाकडांचा उभा केला. तो पाहून आलेले लिंकन म्हणाले होते, की त्यात वालाच्या वेलांच्या काठ्या आणि मक्याची धाटं सोडून दुसरं काहीच दिसत नाही, आणि तरी त्याच्यावरून गाड्या धावतात!

अशा या पक्क्या यँकी जनरलच्या रचनेचा अमेरिकेत शिल्लक राहिलेला बहुधा एकमेव लाकडी पूल कुठे असावा? दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका ओढ्यावर! म्हणजे 'स्थलांतरित यँकीं'ना इथे जपून ठेवायची पद्धत कॅरीपेक्षाही जुनी दिसते.

पूर, आग आणि दुर्लक्ष

एके काळी अमेरिकेत असे झाकलेले पूल दहा-बारा हजार होते असं सांगतात. आज हजाराच्याही आत उरलेत. नॉर्थ कॅरोलायनात मूळ जागेवरचे ऐतिहासिक म्हणावेत असे दोनच, पिज्गाचा आणि बंकर हिलचा. बाकीचे गेले कुठे? काही लोखंडाने आणि सिमेंटने हटवले. ट्रक आले, तेव्हा घोडागाडीच्या मापाचं दार त्यांना पुरेना. काही पुरात गेले. काही आगीत गेले, आणि त्यांतल्या कितीतरी आगी माणसांनी मुद्दाम लावलेल्या. 'ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' हा सिनेमा १९९५ साली आला. आपल्यातल्या पुष्कळ जणांना असले पूल पहिल्यांदा दिसले ते त्यातच. त्या काउंटीतला सीडर ब्रिज २००२ मध्ये कुणीतरी जाळला. लोकांनी तो पुन्हा बांधला. २०१७ मध्ये पुन्हा जाळला गेला, तेव्हा पुन्हा बांधला, २०१९ मध्ये खुला केला. जाळणाऱ्यांपेक्षा बांधणारे चिवट निघाले, एवढंच समाधान.

न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइमचा १८५५ चा पूल ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात नाहीसा झाला. आपल्या राज्याच्या पश्चिमेकडे सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने काय केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हायवे ४० चा तुकडाच्या तुकडा नदीत गेला. जिथे सिमेंट-लोखंडाची ही गत, तिथे लाकडाचं काय घेऊन बसलात?

पिज्गाच्या पुलालाही हे चुकलं नाही. ऑगस्ट २००३ मधल्या पुराने तो उचलून नेला आणि त्याचे तुकडे खाली झाडीत, काठावर विखुरले. दुसऱ्या कुठल्याही गावाने पाटी लावली असती, 'येथे एक पूल होता'. इथल्या लोकांनी ती लाकडं गोळा केली आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पूल परत उभा केला. त्यात सुमारे नव्वद टक्के लाकूड मूळचं आहे म्हणतात. म्हणजे आईंनी ज्या लाकडावर हात फिरवला, ते बहुधा एकदा पुरात वाहून जाऊन परत आलेलं होतं.

बंकर हिलची कथा शांत आहे. पुलाची मालकी असलेल्या बोलिक कुटुंबाने तो १९८५ मध्ये काउंटीच्या इतिहास मंडळाला देऊन टाकला. मंडळाने १९९४ मध्ये न्यू हॅम्पशायरहून आर्नल्ड ग्रेटन या पारंपरिक पूल-सुताराला बोलावून त्याची डागडुजी करून घेतली. २००१ मध्ये अमेरिकेच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू म्हणून मान दिला. १९९८ मध्ये केंद्र सरकारनेही अशा पुलांसाठी खास योजना केली होती. पण आम्हाला जाणवलं ते हे, की सरकार येण्याआधी कुठलं तरी मंडळ होतं. वर्गणी मागणारं, बटाटेवड्याऐवजी बार्बेक्यू विकून पैसे जमवणारं. आपल्याच मंडळासारखं!

तोच पूल का?

परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला. लेकीचं म्हणणं, नव्वद टक्के जुनं आणि दहा टक्के नवं, तर मग तो १९११ चा पूल कसा? उद्या आणखी दहा टक्के बदलले, परवा आणखी दहा, तर एक दिवस त्यात वेल्चने हात लावलेली एकही फळी राहणार नाही. तेव्हा काय म्हणायचं?

जपानात इसे इथलं देऊळ दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात, मागचं २०१३ मध्ये बांधलं. तिथे कुणी ते 'नवं' आहे म्हणत नाही. बांधायची रीत जुनी, ती शिकवणारा सुतार आणि शिकणारा सुतार यांची साखळी जुनी, म्हणून देऊळ जुनं. हे ऐकवल्यावर लेक जरा थांबली.

मग आम्हाला पुण्याचा लकडी पूल आठवला. पानिपतच्या १७६१ च्या घातानंतर मुठेवर घाईने लाकडी पूल बांधला गेला, तो हा. हरून परतणाऱ्या सैनिकांना गावाच्या नजरा चुकवून आत येता यावं म्हणून तो बांधला, अशीही आठवण पुण्यात सांगतात. एकोणिसाव्या शतकात लाकूड गेलं आणि दगड आला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पाण्याने त्यालाही सोडलं नाही. नंतर त्याचं नाव बदललं, संभाजी पूल झालं. आता त्याच्या डोक्यावरून मेट्रोचा मार्ग गेलाय. पण डेक्कनवर रिक्षावाल्याला आजही 'लकडी पुलापाशी सोडा' म्हटलं की तो बरोबर सोडतो. एक खुंटीसुद्धा लाकडाची उरली नाही, आणि नाव तेच!

म्हणजे पुण्यात नाव राहिलं आणि लाकूड गेलं. पिज्गाला लाकूड राहिलं आणि मोटारींची वाट गेली, आता त्याच्यावरून फक्त माणसं चालतात. इसेला लाकूड जातं आणि रीत राहते. यातलं काय राहिलं म्हणजे 'टिकलं' म्हणायचं?

आम्ही इथे पंचवीस वर्षं मराठी मंडळं, मराठी शाळा, गणपती, सगळं करतो, तेव्हा मनात हाच प्रश्न घोळत असतो, फक्त पुलाच्या निमित्ताने तो उघड बोलला गेला. आमच्या लेकीच्या मराठीत निम्म्या फळ्या इंग्रजी आहेत. 'आजी, मी तुला मिस करते' हे तिचं वाक्य ऐकून आमच्या एका शुद्धलेखनप्रेमी मित्राचा चेहरा उतरतो. आम्हाला वाटतं, पलीकडे आजी आहे आणि वाक्य तिच्यापर्यंत पोचतंय. पूल चालू आहे. फळ्या बदलायला हरकत नाही, चौकट मात्र कोरडी ठेवायला हवी. आमच्या घरात ती चौकट म्हणजे रविवारी सकाळी आजीला करायचा फोन. तो चुकवायचा नाही, एवढाच नियम.

आणि आमचं छप्पर

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. गुहागर तालुक्यात आमचं एक घर आहे. पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणी. सागाच्या तुळया, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. चार भावंडांत वाटलेलं, म्हणजे कुणाचंच नसलेलं. आई एकट्या पुढच्या दोन खोल्यांत राहतात. मागची बाजू बंद.

कोकणात घर टिकवायची रीत साधी आहे. मे महिन्यात माणूस वर चढवायचा, फुटकी कौलं काढायची, सरकलेली सारखी करायची, कुजलेली रीप बदलायची, पालापाचोळा झाडायचा. याला शाकारणी म्हणतात. दोन-तीन दिवसांचं काम. एक वर्ष चुकलं तर एक कौल गळतं. दोन वर्षं चुकलं तर वासा कुजतो, वाळवी लागते. चार वर्षांनी तुळई. मग भिंतीत पाणी, आणि मग लोक म्हणतात, जुनं घर होतं, पडणारच. घर जुनं झालं म्हणून पडत नाही, मे महिन्यात वर कुणी चढलं नाही म्हणून पडतं.

पूल असो की घर, गोष्ट हीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात गेला. त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं, आणि त्यांत बसलेली माणसं. आमच्या गावाला जाणारी कित्येक माणसं त्याच पुलावरून जायची, आम्हीसुद्धा गेलोय. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला, हे कौतुकाचंच. जून २०२५ मध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पादचारी पूल माणसांसकट कोसळला. दोन्हींची कारणं वेगळी असतील. पण बातमी वाचल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न आला, की वर चढून शेवटचं कुणी कधी पाहिलं होतं?

गेल्या वर्षी गावाहून धाकट्या काकांचा फोन आला. मागच्या खोलीचं आढं खचलंय. एका बिल्डरने जागेला बरी किंमत सांगितलीय. "तुम्ही तिकडे, थोरला मुंबईत, माझे गुडघे गेलेले. कोण बघणार? देऊन टाकू या का?" त्यांच्या आवाजात लोभ नव्हता, थकवा होता. चारी घरांच्या त्या आठवड्यात इतके फोन झाले, तेवढे गेल्या दहा वर्षांत झाले नव्हते. एकाचं म्हणणं, विकून टाका, जाऊन राहणार कोण. दुसऱ्याचं, पूर्ण पाडून होमस्टे करू. आम्हाला दोन्ही पटेना आणि तिसरं सुचेना.

आई या सगळ्यांत गप्प होत्या. शेवटी एका रविवारी फोनवर म्हणाल्या, "सगळं घर वाचवायला निघालात म्हणून तुम्हाला झेपत नाही. आधी माझ्या डोक्यावरची कौलं परतून घ्या. घर ठेवायचं की विकायचं, ते सावकाश ठरवा. भांडायला तरी कोरडी जागा हवी ना!" मग थोडं थांबून, "तुमच्या त्या पुलाचं मंडळ आहे ना, तसं चौघांचं करा."

तसंच केलं. चार घरांची वर्षाची वर्गणी ठरली, चारही घरांना सारखी, डॉलरवाल्यांनी जास्त द्यावेत अशी सूचना आली होती, ती काकांनीच फेटाळली. ते म्हणाले, सारखी दिली तर घर सगळ्यांचं राहतं. पावसाआधी गावातला एक सुतार आणि त्याचा मुलगा वर चढले. मागच्या आढ्याला नवं लाकूड बसलं. त्या लाकडाचा रंग वेगळा आहे, फोटोत ठसठशीत दिसतो. लेकीने तो फोटो बघून विचारलं, "किती टक्के?" आम्ही म्हटलं, साधारण पिज्गाएवढंच.

घर विकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा ठरेल, आणि कदाचित विकायचंच ठरेल. दरम्यान या पावसात आईंच्या खोलीत बादली ठेवावी लागली नाही.

जायचं असल्यास

आमच्या इथल्या मंडळींसाठी थोडी माहिती. पिज्गाचा पूल कॅरीहून दीड-पावणेदोन तास. हायवे ६४ ने ॲशबरो, तिथून दक्षिणेला. प्राणिसंग्रहालयाला जोडून होतो. ओढ्याकाठी फिरायला छोटी पायवाट आहे. बंकर हिलला जायचं तर दिवस काढून जा. त्याच इतिहास मंडळाकडे मरीज मिल ही १९१३ ची पाणचक्कीही आहे. इतक्या लांब जायचं नसेल, तर रॉलीतली येट्स मिल आपल्या घराजवळच आहे. १९९६ मध्ये फ्रॅन वादळाने तिचा बांध फुटला होता, तो आणि गिरणी दोन्ही पुन्हा दुरुस्त करून २००६ मध्ये तिथे पार्क झालं.

डबा घरून न्या, वाटेत आपल्या पोटाला मानवेल असं फारसं काही मिळत नाही. पुलावर गेलात की मुलांना आतून वर बघायला सांगा, छपराकडे. आणि बरोबर आई-वडील आले असतील, तर चौकट कशी आहे ते त्यांना विचारा. कोकणातले असले तर तासभर तरी सुटका नाही. पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची बरोबर ठेवा.